निळी झाकणं

पेटीत बर्फाच्या चार पिशव्या होत्या आणि त्यांच्यामध्ये उभ्या एकोणतीस नळ्या. पाच लाल झाकणाच्या, चोवीस निळ्या. तृप्तीने बोट ठेवत ठेवत त्या पुन्हा मोजल्या. लाल झाकण म्हणजे तंबाखू खाणाऱ्या बाईची लाळ, निळं म्हणजे न खाणाऱ्या बाईची. निळ्यांपैकी तेवीस भरल्या होत्या. एक रिकामी होती.

"सत्यभामा रामटेके," तिने यादीतलं शेवटचं नाव वाचलं.

"आत्ता होती न इथंच," गावच्या आशा सेविका उषाबाई म्हणाल्या. "तोंड धुवाले गेली असन. धानाच्या रोवण्याले जाची घाई हाय साऱ्यायले."

लाखांदूरपलीकडचं हे चौदावं गाव, आणि शेवटचं. लाळेवरून तोंडाचा कॅन्सर लवकर ओळखणारी किट एक खासगी कंपनी बनवत होती. खर्च राज्य सरकारच्या अनुदानातून. लाल आणि निळ्या नळ्यांतला फरक दाखवला की अनुदानाचा दुसरा हप्ता येणार होता, आणि तो आला तरच तृप्तीची नेमणूक सहा महिन्यांनी वाढणार होती. एम.एस्सी.नंतरची ही तिची पहिली नोकरी. पाठ मात्र आतापासूनच निवृत्तीला आल्यासारखी दुखत होती.

ती बाहेर आली. हातपंपाच्या ओट्यावर सत्यभामा उकिडवी बसून बोटाने हिरड्या घासत होती. ओठांवर तपकिरी फेस होता. शेजारी पत्र्याची चपटी डबी.

"मावशी, काय लावता हे?"

"गुडाखू व. तुमीच त सांगतलं, तोंड साफ करून ये म्हणून. घाण थुंकी द्याची का सरकारले?"

तृप्तीने डबी उलटी केली. खालच्या बारीक अक्षरांत पहिलाच शब्द होता तंबाखू. मग काकवी, चुना.

"यात तंबाखू असतो, मावशी."

"मी नाई खात माय तंबाखू! विचार कोनालेबी. माहा नवरा तंबाखूचा खर्रा खाते, त मी त्याले आंगनात थुंकू देत नाई."

"बाकीच्या बायकाही यानेच घासतात?"

"मंग? पेस्टनं का होते? पेस्टनं पोटबी साफ नाई होत."

आत येऊन तृप्तीने उषाबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मीबी घासतो, मॅडम. दिवसातून दोनदा. माहीबी नळी निळीच हाय. थे का तंबाखूत धरतेत?"

फॉर्मवर एकच प्रश्न होता. तंबाखू खाता का? होय किंवा नाही. या गावात तो तृप्तीने स्वतः एकोणतीस वेळा वाचला होता, प्रत्येक वेळी त्याच सुरात.

तिने भुपेंद्रला फोन लावला. तो कंपनीकडून या कामावर देखरेख करत होता.

"सर, प्रश्नच चुकलाय आपला. निळ्या झाकणांतल्या बायका गुडाखू घासतात."

"फॉर्मात गुडाखूचा रकाना आहे का?"

"नाही."

"मंग झालं. विचारलं, उत्तर आलं. सोमवारी अहवाल जाऊन राहिला मुंबईले, आता रकाने पाडत बसू का?"

"आधीच्या तेरा गावांतही हेच असणार."

"तृप्ती, मी तुमसरचा आहो. माही आजी गुडाखू घासून नव्वद वर्षं जगली." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "सहा महिने मलेबी पायजेत न."

फोन बंद झाला. सत्यभामा तोंड पुसत आत आली, नळीत थुंकली आणि नळी पुढे केली.

"झालं न? जाऊ?"

तृप्तीच्या हातात निळं झाकण होतं. लाल झाकणाच्या बायकांचं तोंड टॉर्च लावून तपासायचं, कॅन्सरआधी येतो तसा चट्टा दिसला तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी द्यायची. निळ्यांना तपासायचं नाही, असा नियमच होता.

"थांबा. तोंड उघडा जरा."

"माहं काहून? थे त लालवाल्यायचं पायता तुमी."

"उघडा, मावशी."

खालचा ओठ दुमडून तिने टॉर्च धरला. कापसाने एकदा पुसलं, मग जरा दाबून पुसलं. पाकीट फोडून मापं छापलेली प्लास्टिकची छोटी पट्टी काढली आणि ओठाला लावली.

"कधीपासून आहे हे?"

"कोनतं?" सत्यभामाने तसंच तोंड उघडं ठेवून विचारलं.

तृप्तीने चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं. एक चिठ्ठी फाडून सत्यभामाच्या हातात दिली, पुस्तक पिशवीत टाकलं.

"उषाबाई, बाकीच्यांना परत विचारावं लागेल."

"रोवना सोडून कोनी येनार नाई, मॅडम."

"आपण बांधावर जाऊ. पहिला प्रश्न तुम्हालाच."

निघण्याआधी तिने फॉर्मवर एक उभी रेघ मारून नवा रकाना पाडला. वर लिहिलं, गुडाखू.

संध्याकाळी चिखलाने भरलेले पाय न धुताच तिने पेटी उघडली. गुडाखू म्हणून लाल पेनची फुली मारलेली निळी झाकणं, सतरा. फुली नसलेली, सात. मग तिने निळ्यांच्या यादीतली चोविसावी ओळ पूर्ण केली. सत्यभामा रामटेके, वय एकावन्न. खालच्या ओठाची आतली बाजू. पांढरा चट्टा, पुसून न निघणारा. एकोणीस मिलिमीटर.