हजेरीवर नसलेली कोंडाबाई

आमच्या निर्णा गावच्या बाया डाळ मिलीत एकमेकीच्या नावावर जायच्या. एकीचं लेकरू आजारी पडलं की तिची जाऊ जायची, हजेरी पहिलीचीच लागायची. मुकादम गुरप्पाला ठावं होतं, शेठला बी ठावं होतं. कुणाच्या बापाचं काय जायलंय, असं मीच म्हणायचो.

अठ्ठ्याहत्तर साली शोभाबाई तापानं पडली अन् तिची जाऊ कोंडाबाई तिच्या नावावर गेली. मशीनच्या पट्ट्यात तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली.

आम्ही अर्ज केला. लेबर सायबानं बैठक लावली. एका बाजूला शेठ, एका बाजूला आम्ही, मधी सरकार. भांडायचं न्हाई, बसून बोलायचं. मला मराठी, कन्नड, उर्दू तिन्ही येतात म्हणून मी बोलणार. लई फुगलो होतो, लपवून काय करू. इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मागणं एवढंच होतं, कोंडाबाईला भरपाई अन् बसून करायचं काम.

सायब भला माणूस. आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला. मग बाईचं नाव विचारलं.

"कोंडाबाई," मी ताठ मानेनं सांगितलो.

सायबानं हजेरीबुक उलटंपालटं केलं. "त्या दिवशी या नावाची बाई कामावरच न्हाई."

"शोभाबाई होती," शेठ हळू म्हणले. "बाहेर बसलीय. बोलवा."

शोभाबाई आली. हात दाखव म्हणल्यावर तिनं दोन्ही हात पुढं केले. दहाच्या दहा बोटं शाबूत. ती रडायली होती अन् हात काही खाली घेईना.

मग मी नावाच्या अदलाबदलीचं सगळं सांगून टाकलो. सायबानं पेन खाली ठेवला.

"पिराजी, हे लिहिलं तर मिलीवर केस होईल. अन् दुसरीच्या नावावर आलेल्या सगळ्या बायांचं काम जाईल. लिहू?"

बाहेर सत्तावीस बाया बसल्या होत्या. माझी बायको बी त्यातच. मी शेठकडं बघितलो. ते बी माझ्याकडंच बघत होते, दुश्मनागत न्हाई, अडकल्यागत. कुणाला शिव्या घालाव्या तेच कळेना, त्याचाच संताप आला.

"लिहू नका," मी म्हणलो.

मिलीत अपघात झाला न्हाई, यावर तिघांचं एकमत, असं कागदावर आलं. शेठनं सही केली, सायबानं केली, मी केलो.

कोंडाबाई पायरीवर बसली होती, हात पदरात गुंडाळून.

"माझं नाव सांगितलास का अण्णा?"

"सांगितलो, अक्का."

"मग झालं." तिनं फडकं मांडीवर घेतलं अन् डाव्या हातानं, दातानं त्याची गाठ सोडायला लागली. आत भाकरी होती. "खा. सकाळपासून माझ्यापायी उपाशी हायस."