सनीच्या नावावर वाजवलेला तुकडा

वृद्धाश्रमातल्या खोलीत मिस्टर क्लीट वार्नाडो कवळी हातात धरून खो खो हसत होता आणि डेल्फिया प्रुइटला त्याच्याकडे बघवेना.

खरं तर ती आली होती त्याच्या सत्काराचं ठरवायला. शनिवारी टेक्सासमधल्या त्या लहानशा गावाच्या चौकात त्याच्या नावाची पितळी पाटी लागायची होती, आणि ती लागत होती डेल्फियाच्या खटपटीमुळे. नाचघरांत गाजलेल्या जुन्या बँडांच्या तबकड्या जमवायच्या आणि त्यांवर टोपणनावानं वाजवणारी माणसं खरी कोण होती ते हुडकायचं, हा तिचा नाद. क्लीटच्या बँडाचा खर्च एक पिठाची गिरणी करायची. गिरणीमालकानं प्रत्येक वादकाला रेडिओपुरतं एक नाव चिकटवलं होतं. फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवणाऱ्याचं नाव सनी. कुणाची एकट्यानं वाजवायची पाळी आली, की बँडाचा म्होरक्या गाण्याच्या मध्येच त्याला नावानं हाक मारी. तबकडीत उमटलेल्या या हाकांवरच डेल्फियासारख्यांची सगळी भिस्त. "वाजव रे सनी" ऐकू आलं, की वाजवणारा सनी. आणि सनी म्हणजे क्लीट वार्नाडो, हे तिनं गावोगाव फिरून, म्हाताऱ्यांना बोलतं करून सिद्ध केलं होतं.

एका तबकडीवरच्या एका तुकड्यात तिचा जीव अडकला होता. त्यात फिडल सूर ओढत नेई, अडे, श्वास टाकी आणि स्वतःलाच जबाब देई. दर रविवारी ती रेडिओवर रेल्वेच्या रुळांपलीकडच्या काळ्यांच्या चर्चमधलं प्रवचन लावी. तिथला पाळक बोलता बोलता गाऊ लागे, ओळ संपताना छातीच्या तळातून हुंकार टाकी, आणि सगळी मंडळी तो हुंकार झेलत. डेल्फियाचे डोळे भरून येत. देव तेवढ्या घटकेला त्या दमलेल्या श्वासात येऊन बसतो, असं तिला अगदी मनापासून वाटे. फिडलमध्ये तोच हुंकार होता. तो कुठून आला, एवढंच तिनं क्लीटला विचारलं होतं.

"ते मी वाजवलंच नाही, पोरी," तो म्हणाला. "मला आदल्या दिवशीची चढलेली. बोटं ऐकेनात. मग म्होरक्यानं एझेल मेब्रीला धरून आणला. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलात झाडू मारायचा तो. काळा. पण वाजवायचा, बाई गं, वाजवायचा."

"मग त्याचं नाव?"

"त्याचं नाव कोण घेतो? त्याला आमच्या शेजारी उभा केला असता तर रेकॉर्डवाला सामान गुंडाळून गेला असता. रेकॉर्डिंग त्या हॉटेलच्याच एका खोलीत. त्याला तिथल्या न्हाणीघरात उभा केला, संडासाला टेकून. दार किलकिलं. आणि म्होरक्या ओरडतो काय, वाजव रे सनी. मी इकडे खुर्चीत बसून पावासारखी मऊ बिस्किटं आणि ग्रेव्ही हाणतोय." त्याला पुन्हा हसू फुटलं. "नंतर म्होरक्यानं त्याला विचारलं, काय रे, कसं वाटलं सनी होऊन? तर म्हणतो, बरं वाटलं, साहेब. आता कधीच मेला तो."

डेल्फिया म्हणाली, "इतकी वर्षं लोक त्या तुकड्यासाठी तुम्हाला मान देतात, मिस्टर क्लीट."

"मी कुठे मागितला? तूच दिलास." त्यानं कवळी बसवली आणि पीचचा गोड पदार्थ कधी येणार म्हणून नर्सला हाक घातली.

ती तडक सत्कार समितीच्या रॉइस हँकिन्सकडे गेली. तो शनिवारच्या मेजवानीसाठी भाजलेलं मांस चाखून बघत होता. सगळं ऐकून घेताना तो एकेक बोट चाटून साफ करत होता, आणि तिला त्या बोटांचीही शिसारी आली.

"पाटी ओतून झालीय, मिस डेल्फिया."

"वितळवा."

"तो एझेल तर कधीच गेला म्हणता. आता एका न्हाणीघरापायी अख्ख्या गावाच्या सणात माती कालवायची? तुम्ही तबकडी लावा. बोलायचं मी बघतो."

शनिवारी चौकात तिनं तबकडी लावली. क्लीट पुढच्या खुर्चीत, छातीला फूल. म्होरक्या हाक मारणार, त्याच्या जरासं आधी तिनं सुई उचलली.

"पुढचा तुकडा एझेल मेब्रीनं वाजवलाय," ती चर्चमध्ये गाणाऱ्या बाईच्या मोकळ्या आवाजात म्हणाली. "मी चूक सांगत आले. त्याला संडासाशेजारी उभा केला होता, आणि हाक दुसऱ्याच्या नावाची मारली."

हाक ओलांडून तिनं सुई नेमकी पुढच्या रेषेवर टेकवली. फिडलनं सूर ओढला, मग ती अडली, हुंकारली. मागच्या रांगेत एक काळी म्हातारी होती. तिनं डोळे मिटून अगदी हळू त्या हुंकाराला जबाब दिला. बाकी कुणी हललं नाही.

तुकडा संपला, तशी क्लीटनं सवयीनं हॅट उचलली आणि मान लववली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रॉइस सगळ्यांत जोरात वाजवत होता.

डेल्फियानं तबकडी काढून काखोटीला मारली.

"जेवून तरी जा, मिस डेल्फिया," रॉइस हसत म्हणाला. "एवढं मनाला लावून घेऊ नये."

"इथला घास तोंडात फिरेल माझ्या," ती म्हणाली. "आणि पाटीच्या तळाशी संशोधक म्हणून माझं नाव घातलंय, ते सोमवारपर्यंत घासून काढा. नाही काढलंत, तर कानस घेऊन मीच येईन."

"लोक विचारतील, हे शोधलं कुणी?"

"सांगा, सनीनं," डेल्फिया म्हणाली, आणि त्या म्हातारीला गाठायला मागच्या रांगेकडे निघाली.