फळीवरचा निळा ठिपका

"सरक ना रे बाबा पुढे! सकाळपासून ठाण मांडून बसलायस. गोगलगाय बरी तुझ्यापेक्षा, ती निदान मागे चकाकी तरी सोडून जाते."

दाराच्या फटीतून आलेली ही कुरकुर ऐकून स्वयंपाकघरात कप विसळणारी ती जागच्या जागी थबकली. नवरा कॉम्प्युटरशी बोलत होता. त्यात नवल काही नव्हतं, बायकोपेक्षा कॉम्प्युटरशी बोलणं त्याला कायमच सोपं जायचं. नवल एवढंच, की हल्ली कॉम्प्युटरही त्याचं ऐकेनासा झाला होता.

तो घरी बसून लोकांनी केलेलं चित्रीकरण कापायचा, जोडायचा, आवाज साफ करायचा. सध्या एका नाटक कंपनीचं काम हातात होतं. अख्खं नाटक नीटनेटकं करून कंपनीच्या बाईंना पाठवायचं होतं, तेही आज संध्याकाळच्या आत. बाई शब्दाच्या पक्क्या आणि जिभेच्या तिखट. फाइल वेळेत पोचली तर पुढच्या हंगामातली सगळी नाटकं याच्याकडे, नाही पोचली तर दुसऱ्या कुणाकडे, असं त्यांनी साखर न लावता सांगून टाकलं होतं. फाइल तयार होती, रात्रंदिवस खपून त्याने ती तयार केली होती. पण घरातून बाहेर पडायलाच ती तयार नव्हती. पडद्यावरची हिरवी पट्टी तसूभर सरकायची आणि धाप लागल्यासारखी थांबायची.

"राउटर बंद करून चालू केलास का?" तिने दारातून विचारलं.

"दोनदा केला. तिसऱ्यांदा केला तर तोच मला बंद करेल."

"वायर?"

"बदलली. वायफाय सोडून सरळ वायरीवर आलो. राउटर कपाटावर चढवला, मग टेबलावर उतरवला. आता फक्त कडेवर घेऊन झोपवायचा राहिलाय."

ती हसली आणि मग आपण हसलो याचीच तिला लाज वाटली. ती ज्या दातांच्या दवाखान्यात काम करायची, तिथले डॉक्टर गावाला गेले होते, म्हणून आज तिला सुट्टी. नवऱ्याचा हा जीव टांगणीला लागलेला दिवस तिला पहिल्या रांगेत बसून बघावा लागत होता.

शेवटी त्याने इंटरनेट कंपनीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. बरंच संगीत वाजल्यावर एक माणूस बोलायला आला.

"सर, तुमचा त्रास मला समजतोय."

"तुम्हाला समजला असेल तर मलाही समजवा."

फोनवरच्या माणसाने न रागावता स्पीड तपासायला सांगितला. नवऱ्याने तपासला. बाहेरून घरात येणारं सगळं झपाझप येत होतं. घरातून बाहेर जाणारं मात्र जागचं हलत नव्हतं.

"असं आहे सर, तुमच्याकडे येणारा रस्ता रुंद असतो आणि जाणारा बोळ. त्या बोळात एकानं जरी गाडी लावून ठेवली, तर बाकीचे अडकतात. तुमच्याच घरातून काहीतरी सारखं बाहेर जातंय. एकेक वस्तू बंद करून बघा."

ती एकच कप तिसऱ्यांदा पुसत होती. आतापर्यंत तिला खरोखरच काही कळलं नव्हतं. आता मात्र कळलं. ते 'काहीतरी' तिला पक्कं ठाऊक होतं. आतल्या खोलीत, मास्तरांच्या रिळांच्या फळीवर ते बसलं होतं.

मास्तर म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर शिंपीकाम केलेले, म्हणून सगळ्या वस्तीचे मास्तर. ती आणि नवरा त्यांना बाबा म्हणायचे, पण त्यांच्या पाठीमागे तीही मास्तरच म्हणायची, कारण तो शब्द त्यांच्या अंगावर मापाने बसला होता. दुकान कधीच बंद झालं. मशीन, इस्त्री आणि रिळं मात्र त्यांच्यासोबत आतल्या खोलीत राहायला आली होती. कुणी ओळखीचं अधूनमधून काही शिवायला द्यायचं.

मग एकदा इस्त्री चालूच राहिली. ती कामावरून आली तेव्हा खोलीत धूर होता, टेबलावरचं फडकं काळं पडलं होतं आणि मास्तर बाहेर गॅलरीत शांतपणे काज करत बसले होते. पुढे एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लागल्या. तिने तो कोट गुपचूप उसवला आणि दुसऱ्या शिंप्याकडून नीट करून आणला. नवऱ्याला सांगायला गेली, तर त्याने हेडफोन कानावरून अर्धवट सरकवले आणि म्हणाला, "वयात होतं असं. मीसुद्धा परवा चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधत होतो." पुन्हा एकदा तिने आडून विचारलं, की आपण कामात असताना बाबांवर लक्ष ठेवायला काही बसवलं तर? तेव्हा मात्र हेडफोन पूर्ण उतरले. "माझ्या बापावर पाळत ठेवायची? ते काय चोर आहेत?"

तिने विषय सोडला आणि कॅमेरा आणला.

जेमतेम मुठीएवढा, पांढरा. मास्तर आंघोळीला गेल्यावर तिने तो फळीवर पांढऱ्या रिळांच्या मागे दडवला. फोनवरून त्याची जुळवाजुळव करताना पडद्यावर प्रश्न आला, चित्र कसं हवं? तिने सगळ्यात स्पष्ट निवडलं. केव्हा पाठवू? तिने सतत म्हटलं. करायचंच तर अर्धवट कशाला, असा तिचा हिशेब. त्या सततचं ओझं कुणाच्या बोळातून जाणार, हे तिच्या डोक्यातही आलं नाही.

मग दवाखान्यात दातदुखीने कण्हणाऱ्या माणसांसमोर बसून ती फोनवर सासऱ्यांना बघायची. इस्त्री बंद आहे ना, एवढंच बघायचं असं ठरवलेलं, पण डोळे तेवढ्यावर थांबतात थोडेच? कात्री हातात धरून खोलीभर कात्री शोधणारे मास्तर तिने पाहिले. एकच बाही उलटीसुलटी करत बसलेले मास्तर पाहिले. आणि हल्ली तर ते एकटेच बोलायचे. फळीकडे तोंड करून ओठ हलायचे, मान डोलायची. आता भिंतीशी बोलायला लागले, म्हणजे पुढची पायरी आली, असं वाटायचं. आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण पाहिलंस कुठून, असं विचारलं तर काय सांगणार?

आवाज मात्र तिने पहिल्या दिवसापासून बंद ठेवला होता. बघणं गरजेपोटी, ऐकणं म्हणजे फारच झालं, असा एक नियम तिने स्वतःला घालून घेतला होता. चोरी करताना निदान चपला दाराबाहेर काढाव्यात, तसला तो सभ्यपणा.

बाहेर नवऱ्याची मोहीम सुरू झाली होती. टीव्हीची वायर उपटली. स्वतःचा फोन बंद केला. तिचा फोन मागितला, वायफाय बंद करून परत दिला. पट्टी ढिम्म.

"बाबांच्या खोलीतलं काही?" त्याने स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "तिथं शिलाई मशीन आणि इस्त्री. त्या काय नेटवर चालणार!"

हीच वेळ होती. तोंड उघडायचं आणि एक वाक्य बोलायचं. तिने तोंड उघडलंही.

"चहा टाकू?" ती म्हणाली.

"नको. कळलं मला." तो ताडकन उठला. "घरातलं काही नाही, म्हणजे बाहेरचं आहे. कुणीतरी आपलं वायफाय वापरतंय. वरचा बेकरीवाला!"

"ते कशाला वापरतील?"

"परवा जिन्यात माझ्याकडे बघून हसला. उगाच कोण हसतं का?"

"अरे, ते रात्रभर भट्टीपाशी उभे असतात. आता झोपले असतील. आणि त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, त्यावर पत्तेसुद्धा खेळता येत नाहीत."

"तुला काय माहीत? तसलेच आतल्या गाठीचे असतात. थांब, आत्ता जाऊन विचारतो."

तो चपला शोधायला लागला. तिच्या डोळ्यांसमोर बेकरीवाला आला, झोपेतून उठलेला, डोळे चोळणारा, काहीही न केलेला. रोज सकाळी कामावरून परतताना तो मास्तरांच्या हातात गरम पाव ठेवून जायचा. एका खोटेपणाला झाकायला आणखी एकाचं तोंड काळं करायचं, एवढी काही आपण गेलेली नाही, असं तिला वाटलं. मग तिने जे केलं ते मात्र फार धीराचं नव्हतं. ती स्वयंपाकघरात वळली, ओट्याकडे तोंड केलं, फोन काढला आणि कॅमेरा बंद करून टाकला. खरं पुढे कधीतरी सांगू. आधी फाइल जाऊ दे.

नवऱ्याने बाहेरचं दार उघडलं मात्र, कॉम्प्युटरवर टिंग वाजलं. तो एका पायात चप्पल घालून परत धावला.

"अगं, धावतेय! बघ, पट्टी धावतेय!" तो खुर्चीतच उड्या मारायला लागला. "बघितलंस? मी नुसतं दार उघडलं आणि त्यानं घाबरून बंद केलं. चोर पकडला की नाही!"

"हं," ती म्हणाली.

पट्टी भरली. फाइल गेली. थोड्याच वेळात नाटकवाल्या बाईंचा फोन आला. मिळाली, बघते, पुढच्या नाटकाचं बोलायला या, एवढंच म्हणाल्या, पण तेवढं त्यांच्या तोंडून म्हणजे आरतीच. नवऱ्याने दोन्ही हात वर करून आळस दिला. कितीतरी दिवसांनी त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं दिसत होतं. त्याला असं हसताना बघून तिला आनंद व्हायला हवा होता. उलट आपण त्याला खोट्या नाण्याने खूश केलंय, असं तिला वाटत राहिलं.

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

मास्तर उंबऱ्यात उभे होते. गळ्यात टेप, कानामागे खडू, नेहमीसारखे. चेहरा मात्र नेहमीचा नव्हता. गर्दीत हात सुटलेल्या लहान मुलासारखा.

"सूनबाई," ते म्हणाले, "दिवा गेला."

"लाइट आहेत की, बाबा," नवरा हसत म्हणाला. "आज तर सगळंच धावतंय."

"तो नव्हे. फळीवरचा. तो बारका, निळा."

नवऱ्याने आधी बापाकडे पाहिलं, मग बायकोकडे, आणि तिच्याकडेच बघत राहिला.

"फळीवर काय आहे?" त्याने हळूच विचारलं.

"कॅमेरा," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "मी ठेवला. तुझं नेट मीच अडवून ठेवलं होतं. त्या वरच्या माणसाला उगाच... आत्ता मी तो बंद केला, म्हणून तुझी फाइल गेली." मग ती मास्तरांकडे वळली. "बाबा, मला माफ करा. तुम्हाला न विचारता मी..."

"मला माहीत होतं गं," मास्तर म्हणाले, जणू बटण तुटल्याचं सांगावं तसं. "पांढऱ्या रिळांमागे लपवलास. माझ्या पांढऱ्यात मोतिया वेगळा आणि दुधी वेगळा. परका पांढरा मला दिसणार नाही होय? पहिल्याच दिवशी दिसला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलत नाही तर काय? रोज बोलतो. सूनबाई, इस्त्री बंद केली बरं का. सूनबाई, बाही उजवी आहे, मी बघितलं. तुला ऐकू जात नव्हतं?"

ते हलणारे ओठ, ती डोलणारी मान. तिने आवाज बंद ठेवला होता. सगळ्या प्रकारात तेवढाच एक सभ्यपणा तिने केला होता आणि नेमकं त्यामुळेच हे राहून गेलं होतं.

"तो दिवा दिसला की मला इस्त्री आठवायची," मास्तर म्हणाले. "मग मी बंद करायचो आणि तुला सांगायचो. सांगितलं की माझ्याही लक्षात राहायचं. आज मान वर करून बघतो तर दिवा नाही. तेव्हापासून तिथंच उभा होतो. इस्त्रीला हात लावून बघायचा धीर होईना. आता बंद केली की नाही, मला सांगता येत नाही."

ती धावत खोलीत गेली. इस्त्री थंड होती. वायर गुंडाळून नीट बाजूला ठेवलेली.

बंद असल्याचं सांगत ती बाहेर आली तेव्हा नवरा उठून बापासमोर उभा होता. हेडफोन त्याच्या गळ्यात लोंबत होते. त्याने बापाच्या गळ्यातला टेप उगीचच सरळ केला.

"बंद आहे, बाबा. तुम्हीच केली होतीत. एवढं काय, वयात होतं अ..."

"वयात गुडघे दुखतात," मास्तर म्हणाले. त्यांनी मुलाचा हात आपल्या गळ्यापाशी तसाच धरून ठेवला. "हे तसं नाही. तुला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि मला तुमच्या दोघांच्या आधीपासून माहीत आहे. मी विसरायला लागलोय रे."