शेकाचे तीन ठिपके

"बाई, शाई लागलीय तुम्हाला इथे," असं म्हणत मास्तरीणबाईंनी रुमालाचं टोक ओलं केलं आणि माझ्या गळ्याखाली घासायला सुरुवात केली. मी त्यांचा हात धरला.

"कातडं सोलाल माझं. शाई नाही ती. कॅन्सरला शेक देतात ना, तो नेमका कुठे द्यायचा त्याची खूण आहे. सुईने टोचलेली."

झालं! पाच मिनिटांपूर्वी हीच बाई 'ब्लाऊज दंडाला आवळतोय' म्हणून माझं शिवणाचं दुकान डोक्यावर घेत होती. आता म्हणाली, "असू दे हो, चालेल तसंच." आणि तो ब्लाऊज घेऊन गेली. माझ्या हातचा ब्लाऊज, आवळणारा, रस्त्याने हिंडणार!

मी शिकले चौथीपर्यंत, पण माप मला कोणी शिकवायला नको. गिऱ्हाइकं माझ्याशी भांडायची, मी त्यांच्याशी भांडायचे, आणि त्या भांडणातूनच कपडा अंगाला नीट बसायचा. आजारपणानंतर भांडणच संपलं. खोटं बोलायची मला सवय नाही. कोणी विचारलं की सांगायचे, आणि सांगितलं की समोरचीचा आवाज खाली यायचा. सून तर त्याहून वरचढ. पूर्वी एकाला दोन ऐकवणारी, आता ऊठसूट 'हो आई'. वर गिऱ्हाइकांच्या कानात कुजबुजायची, "आईंना बरं नव्हतं हो, सांभाळून घ्या."

सांभाळून घ्यायला मी काय काचेची बरणी आहे?

"हे ठिपके काढून टाकायचे," मी सुनेला म्हटलं.

"गळा जरा वर शिवला की दिसणारा झाकेल, आई."

"झाकायला मी काय चोरी केलीय? कपडा शिवून झाला की खडू झटकतो आपण. गिऱ्हाइकाला खडूसकट देतो का?"

"हो आई."

कॅन्सरच्या डॉक्टरांची हरकत नव्हती. मग कातडीच्या डॉक्टरणीकडे गेलो. माझ्या नातीच्या वयाची पोर. एक ठिपका गळ्याखाली छातीच्या मधोमध, दोन बरगड्यांवर. माझ्या डोळ्यांवर चष्मा चढवून म्हणाली, "आजी, लेझरचा फटका ताणलेलं रबर सोडल्यासारखा लागेल. घाबरू नका हं."

"मशीनची सुई दोनदा बोटातून आरपार गेलीय माझ्या. तू तुझा हात हलू देऊ नकोस म्हणजे झालं."

ती हसली. सून मात्र माझा हात असा आवळून बसली, जणू फटके तिलाच बसत होते.

अशा तीन खेपा झाल्या. बरगडीवरचा एक पुसटसा राहिलाय. तिथे कोण बघायला येतंय!

पुढे महिनाभराने टपाल कचेरीतली एक नवी बाई आली आणि तिने ब्लाऊज टेबलावर आपटला. "एक खांदा इकडे, एक तिकडे! माप घेतलं होतं की नुसता अंदाज?"

"तुम्हीच वाकड्या उभ्या होतात."

"मी वाकडी? तुमची टेप वाकडी!"

किती बरं वाटलं म्हणून सांगू!

तेवढ्यात सून उठली. आता ही कुजबुजणार, म्हणून मी डोळे वटारले. तिने ब्लाऊज उचलला, खांद्यावर खांदा ठेवून पाहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आई, त्यांचं बरोबर आहे. तुम्ही चुकलात."

मी टेप लावली. अर्ध्या इंचाचा फरक. कॅन्सरच्या ऑपरेशनपासून डावा हात पूर्वीसारखा वर जात नाही, टेप सरकते, ते मला ठाऊक होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच.

"बसा," मी त्या बाईंना म्हटलं. "आत्ता उसवून देते."

मग टेप सुनेच्या गळ्यात घातली. "खांद्याचं माप यापुढे तू घ्यायचं. आणि कोणी वाकडं उभं राहिलं तर तोंडावर सांगायचं."

"सांगेन की. तुम्हालाही सांगेन."

"आगाऊ कुठली," मी म्हटलं आणि उसवायला बसले.