पाळीचा ठेका

मित्रांनो, मी एक जुनी डफडी आहे. तुमच्या शाळेच्या खुंटीवर टांगलेली, कवायतीला तुम्ही बडवता तीच. बडवा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण काल मधल्या सुट्टीत तुमच्या हातून एक ठेका वाजला, आणि त्यानंतर जे घडले ते पाहून तुम्ही खो खो हसलात. तुमचा त्यात दोष नाही. दोष माझा आहे, आणि तो कबूल करायला इतकी वर्षे माझी जीभ रेटली नाही.

उदाराम कोतवालाच्या बापाने लाकडाच्या कड्यावर बकरीचे कातडे ताणून मला घडवले. पावसाळ्यात माझे कातडे सादळते, आवाज बसतो. म्हणून उदाराम मला तणसाच्या जाळावर शेकून घेई आणि मगच गळ्यात अडकवी. अर्जुनी मोरगावच्या अंगाला असलेले आपले हे धानाचे गाव, वर तलाव, तलावाला मातीचा लांबलचक बांध. त्यालाच आपण पाळ म्हणतो. पाळीखाली साऱ्या गावाच्या बांध्या, म्हणजे धानाची शेते.

हरवलेल्या म्हशीपासून देवीच्या लसीपर्यंत कशाकशाची दवंडी मी दिली. मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, बेगार असली की मीच बोंब ठोके, घरटी एक माणूस कुदळ घेऊन हजर व्हा. मजुरी काही नाही आणि न येईल त्याची खैर नाही. लोक मला शिव्या देत येत. त्या शिव्या मी निमूट खाल्ल्या. हुकमाच्या ताबेदाराला दुसरे काय मिळणार?

पण माझ्याजवळ एक ठेका असा होता, जो कोणाच्या हुकमाचा नव्हता. दोन संथ थापा, श्वासभर थांबणे, पुन्हा दोन. पाळ खचू लागली तरच तो वाजायचा. लग्नात नाही, पोळ्याला नाही, गमतीनेसुद्धा नाही. तो ऐकला की हातातला घास टाकून माणसे धावत. आपल्या गावच्या धुरपताबाईचा नवरा गोवर्धन असाच एका श्रावणात धावला आणि पाळीच्या मातीसकट पाण्यात गेला. गाव वाचले. तेव्हापासून त्या ठेक्याला लोक देवासारखे मानत.

मग सत्तेचाळीस साल आले. उद्यापासून आपले राज्य, अशी दवंडी मी दिली तेव्हा माझे कातडे न शेकताच तापले होते. खुशाल नावाचा तरणा शेतकरी आडवा आला आणि उदारामला म्हणाला, "मंग बेगार?"

"बेगार बंद," उदाराम म्हणाला.

खुशालने आनंदाने मला एक थाप मारली. ती मला अजून आठवते.

चारेक वर्षांत मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचा झाला. उन्हाळ्यात पाळीवर माती टाकायला आता कोणी बोलावीना, आणि आपण होऊन कोणी जाईना. "सरकारचा तलाव हाय, सरकार पाहीन," असे जो तो म्हणे. सरकार कुठे होते कोण जाणे. उंदीर, खेकडे मात्र पाळीत सुखाने घरे करत होते. पुढे ग्रामपंचायत आली, आणि सरपंच कोण झाला? जुन्या मालगुजाराचा मुलगा जीवनलाल. माणूस वाईट नव्हता. पण लोकांना हुकूम सोडण्यापलीकडे बोलवायचे कसे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. आणि आपल्यासाठी काम कसे करायचे, हे लोकांना कोणी शिकवले नव्हते.

चौपन्नच्या श्रावणात भंडाऱ्याहून एक साहेब गावाचे श्रमदान पाहायला यायचे होते. बरोबर फोटोवाला. तीन दिवस मी श्रमदानाची दवंडी दिली. लोक म्हणाले, बेगारीने नवा सदरा घातला वाटते. धानाची रोपे लावायची रोवणी सोडून कोणी हलले नाही. साहेबांची जीप यायची वेळ झाली तसा जीवनलाल घामाघूम झाला.

"उदाराम, पाळीचा ठेका वाजव," तो म्हणाला.

"मालक, तो ठेका असा उगाच वाजवायचा नसतो."

"एकडाव वाजव. गावाची इज्जत जाऊन राहिली आन् तू ठेका धरून बसला."

उदारामने मान खाली घातली. त्याच्या काड्या माझ्यावर पडल्या आणि मी वाजले. मित्रांनो, कातडे सैल पडून मला मुके होता आले असते, असे मी पुष्कळदा स्वतःशी म्हणते. पण उदारामने मला चांगले शेकले होते, आणि मी खणखणीत खोटे बोलले.

माणसे चिखलाच्या पायांनी धावत आली. बायांच्या हातात रोवणीच्या पेंढ्या तशाच. पाळीवर येऊन पाहतात तो मांडव, हार, खुर्ची आणि कॅमेरा. फोटोवाला म्हणाला, टोपली जरा वर धरा. धुरपताबाई सगळ्यात पुढे होती. तिने मांडवाकडे पाहिले, मग उदारामकडे.

"ह्याच ठेक्यावर माहा माणूस गेला, उदाराम," एवढेच म्हणून ती परत फिरली. मला तेव्हा भुईत गाडून घ्यावेसे वाटले.

पुढच्याच पावसाळ्यात, भर दुपारी पाळीला खरी भेग पडली. उदाराम गल्लीगल्लीतून मला बडवत धावला. खुशाल ओसरीवर बसून विडी ओढत होता.

"आज कोन साब येऊन राहिला?" तो हसून म्हणाला. शेजारचेही हसले. मी जिवाच्या आकांताने वाजले, इतकी की कातडे मधोमध फाटले. खरे सांगायला गेले तेव्हा माझ्या आवाजाला पत उरली नव्हती.

पाळीवर एकटी धुरपताबाई आली. डोक्यावर एक टोपले.

"तू काऊन आलीस, बाई?" उदारामने रडवेल्या आवाजात विचारले.

"खोटा असन तं वापस जाईन. खरा असन तं?" ती म्हणाली आणि माती भरू लागली.

दोघांच्या मातीने पाळ थोडीच थांबते? तासाभरात ती फुटली. माणूस गेला नाही, पण सगळ्या बांध्यांवर रेती पसरली, आणि पहिली बांधी धुरपताबाईचीच होती. पाळ दुरुस्त व्हावी म्हणून केलेला अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिला. तेवढ्यात राज्यच बदलले, आपला भाग मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला, आणि अर्ज नव्या गावाला निघाला.

शेवटी उन्हाळ्यात उदाराम मला खुंटीवर ठेवून रिकाम्या गळ्याने घरोघर गेला. अंगणात उभा राहून तो म्हणे, "मी खोटा वाजवला. माहा गुन्हा हाय. आता पाळ बांधाले चला." काहींनी दार लावून घेतले. खुशाल मात्र दुसऱ्या दिवशी कुदळ घेऊन निघाला, मग त्याचे शेजारी. एके सकाळी जीवनलालनेही डोक्यावर मातीचे टोपले घेतले. मालगुजाराच्या घरातला माणूस माती वाहताना गावाने पहिल्यांदाच पाहिला. पाळ उभी राहिली. मला तिथे कोणी नेले नाही, ते बरेच झाले.

पुढे मला नवे कातडे चढवून शाळेला दिले. आणि काल तुमच्यातल्या शामकलाने सहज दोन थापा मारल्या, जराशी थांबली, पुन्हा दोन मारल्या. समोर निंबाखाली धुरपताबाई तांदूळ निवडत होती. तिला आता धड दिसतही नाही. तिने सूप खाली ठेवले, चाचपडत टोपले शोधले, पदर खोचला आणि पाळीच्या वाटेला लागली. तेव्हा तुम्ही हसलात. म्हाताऱ्या उदारामने धावत जाऊन तिचा हात धरला आणि तो म्हणाला, "बाई, लेकरं खेळून राहिले."

"खेळून राहिले ना?" ती म्हणाली. "मंग बरं."

मित्रांनो, मला हवी तशी वाजवा, पण तो ठेका खोटा वाजवू नका. आणि खरा वाजवायची वेळ आली तर ओसरीवर बसून राहू नका. तुम्ही पोचाल तेव्हा ती म्हातारी एकटीच माती भरत असेल.