एकाच कपाचे दोन कोड

आमच्या लॅबमध्ये तपासणीचा कोड पडल्याशिवाय लघवीचा कप मोठ्या यंत्राकडे जात नाही. कोड टाकणं माझं काम. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी इथे आले, त्याला तेव्हा आठ आठवडे झाले होते. ईस्टर उलटून चार दिवस झाले होते. गुरुवारी सकाळी फोन वाजला.

"कोरीन, मी व्यसनमुक्ती क्लिनिकमधून बेव. माझ्या पेशंटचा दुसरा अहवाल कुठाय?"

मी क्रमांक पाहिला. पहिला अहवाल गेला होता: अफूवर्गीय पदार्थ, पॉझिटिव्ह. दुसरी तपासणी झालीच नव्हती. कारण माझ्या समोरच होतं. एका दिवशी, एकाच कपावर ८०३०७ आणि जी०४८० असे दोन कोड दिसले. एकच तपासणी चुकून दोनदा मागितली, असं समजून मी दुसरा कोड खोडला होता.

"अगं, चौदा महिने तिने नशेला हात लावलेला नाही," बेव म्हणाली. "सोमवारी कोर्टात तारीख आहे. तिची मुलगी परत तिच्या घरी यायची की नाही, ते तेव्हा ठरणार. आणि ही बाई आठवडाभर चर्चच्या तळघरात ईस्टरसाठी खसखशीचे गोड रोल लाटत होती. लाटत काय, कडा कापून कापून खात होती! मी तिला म्हटलं, तुला दुसरं काही मिळालं नाही का खायला?"

फोन ठेवला आणि शेजारच्या टेबलाकडे वळले. लोरेटा तिथे एकोणीस वर्षं कोड टाकते आहे.

"लोरेटा, मी चूक केली आहे."

तिने ऐकून घेतलं, चष्मा वर सरकवला. "हे सगळेच करतात, पोरी. मी तर पहिल्या महिन्यात तीस खोडले होते. बघ, पहिला कोड विचारतो, काही आहे का? दुसरा विचारतो, नेमकं काय आणि किती? प्रश्न दोन आहेत. कप कधीचा?"

"गेल्या गुरुवारचा."

"म्हणजे सातवा दिवस, आज ते कप फेकतात. मग इथे काय करतेस? पळ!"

शीतगृहात त्या दिवसाच्या कपांचा खोका फेकायच्या मालाच्या गाडीवर चढलेला होता. दुपारी तीनला गाडी जाते. क्रमांक तीनदा वाचून मी कप उचलला.

परत येताना मला थिबेन आठवलं. खसखशीत मॉर्फिन आणि कोडीन असतंच, पण थिबेनही असतं. हेरॉइन घेणाऱ्याच्या लघवीत ते सहसा सापडत नाही. आमच्या नेहमीच्या यादीत ते नव्हतं.

"त्याला वेगळा कोड लागेल?" मी विचारलं.

लोरेटाने जाडजूड पुस्तक उघडलं, बोट फिरवलं. "अफूच्याच गटात मोजतात. किती गट तपासले, त्यावर हा कोड ठरतो. गट वाढत नाही, कोड तोच. पण डॉक्टरने लेखी मागायला हवं, कारणासकट."

मी बेवला फोन केला. वीस मिनिटांत फॅक्स आला. कारणाच्या ओळीत डॉक्टरांनी लिहिलं होतं: खसखस खाल्ल्याचं सांगते, खात्री हवी. मी जी०४८० पुन्हा टाकला आणि कप यंत्राकडे गेला.

शुक्रवारी दुपारी निकाल आला. उपचाराचं औषध होतं, म्हणजे ती ते नियमित घेत होती. मॉर्फिन आणि कोडीन थोडं. हेरॉइनची खूण नाही. थिबेन होतं.

"सापडलं!" मी इतक्या मोठ्याने ओरडले की लोरेटाची कॉफी सांडली.

"बरं झालं," ती कीबोर्ड पुसत म्हणाली. "आता आधी बेवला पाठव, मग नाच."

मंगळवारी बेवने फोन करून एवढंच सांगितलं: "शनिवारपासून मुलगी घरी." पेशंटचं नाव मला आजही माहीत नाही.

दोन आठवड्यांनी क्लिनिकमधून एक खोका आला. आत रोल आणि एक चिठ्ठी: 'कप शोधणाऱ्या व्यक्तीला. आभार. हा अक्रोडाचा आहे, निर्धास्त खा.'

लोरेटाने सुरी आणली. चूक माझी होती, हे तिने साहेबांना मी स्वतः सांगेपर्यंत कळू दिलं नव्हतं. मी पहिला तुकडा तिच्या पुढे केला.

"कप तू शोधलास की," ती म्हणाली.

"पळ कोण म्हणालं होतं?"

तिने तुकडा घेतला, कडेचा, सगळ्यात जाड.