डोहापासून नदीपर्यंत

आश्विन सरत आला होता. पुराचा गढूळ उन्माद उतरून नदी आता नितळ झाली होती. निळी, संथ, अंगभर आकाश ल्यालेली. काठाच्या काशफुलांचा शुभ्र संभार वाऱ्यासवे लवत होता. वाळूवर मात्र पाऊल ठरत नव्हतं, इतकं ऊन प्रखर होतं.

ओसरता ओसरता पुराने एक डोह मागे सोडला होता. वाळूच्या रुंद पट्ट्याअलीकडे, करंजाच्या तळाशी, नदीपासून तुटलेला, एकाकी. त्यात रोहू माशाची इवली पिल्लं होती; पावसात जन्मलेली, रुप्याच्या सुयांसारखी चंचल, चमचमती. पाणी वाळूत जिरत होतं. उरलेलं तापत होतं. पिल्लं वर येत होती, इवली तोंडं उघडून श्वास शोधत होती. आणि काठावर बगळे उभे होते; निश्चल, शुभ्र, भुकेले.

तिथे पर्बता आली. मासेमार ढिवराची लेक, ढिवराची सून. पन्नाशी ओलांडलेली, उन्हाने काळवंडलेली, बांध्याने काटक. शेतावरून परतताना खांद्यावर फावडं होतं. तिने डोह पाहिला, नदी पाहिली, मधली वाळू पाहिली. पदर कमरेला खोचला आणि चर खणायला घेतला.

ती वाळू उपसत होती, वाळू ढासळत होती. ती पुन्हा उपसत होती, वाळू पुन्हा ढासळत होती. मग तिने काशाची गवतं उपटून चराच्या काठाला दाबली, गोटे रचले, आणि ढासळती वाळू हट्टाने थोपवली. घाम भुवयांवरून ओघळत होता. फावड्याची लय तुटत नव्हती.

एवढ्यात तिचा धाकटा दीर दसरू खांद्यावर जाळं टाकून आला. चर पाहून थबकला.

“वयनी, काहून हात मोडून घेता? हे तं आपसूक हाती आलं. एका ओढीत सारे निघतीन.”

“कायले काढता? बोटाएवढेबी नाही झाले, भाऊजी.”

“सुकट करू ना. कुंदी बाळंतपणाले आली हाय. तिच्या ताटात काई तं पडू दे.”

पर्बता थांबली. कुंदा दसरूची लेक, तिच्याही हातावर वाढलेली पुतणी. क्षणभर फावडं वाळूत रुतून राहिलं.

“कुंदीले मीबी उपाशी ठेवन का? पण मागच्या साली जाळ्यात पाणीच आलं, ते ध्यानात हाय ना? हे आज वाळवले तं तिच्या लेकराले का दाखवसान? रिकामी नदी?”

दसरूने जाळं खाली ठेवलं. तो करंजाखाली बसला. ती खणत राहिली.

उन्हं कलली तेव्हा शेवटची वाळूची भिंत फुटली. पाणी दचकलं, वळलं, आणि खळखळत नदीकडे निघालं. पर्बताचा चेहरा उजळला.

आणि लगेच विझला. पाणी निघालं, पिल्लं निघेनात! प्रवाहाविरुद्ध तोंड करून, उलटी, हट्टी, जन्मजात धीट, ती होती तिथेच झुंजत राहिली. डोह उतरत होता. तळाचा चिखल दिसू लागला होता. पर्बताने मूठमूठ वाळू चराच्या तोंडाशी टाकली, पाण्याचा वेग आवळला. पण पिल्लांना वळवायला तिला दोन हात अपुरे होते.

“भाऊजी!”

त्या एका हाकेत आर्जव होतं, आज्ञा होती, सारं आयुष्य होतं.

दसरू उठला. जाळं घेऊन डोहाच्या मागल्या अंगाने पाण्यात उतरला. दोघांनी दोन टोकं धरली. पकडायला नव्हे, पाठवायला. हलके हलके, तळाला घासत, पाळण्याची दोरी ओढावी तशा हळुवार हातांनी. जाळ्यापुढे पिल्लांचं रुपं गोळा होत गेलं, दाटत गेलं, थरथरत गेलं. एक पिल्लू चरात शिरलं. मग दुसरं. मग सारा घोळकाच लोटला.

“जा रे बाप्पा, जा,” दसरू पुटपुटला, “मोठे होऊन या.”

पर्बता हसली. चिखलाने माखलेली, थकलेली, साम्राज्ञीसारखी ताठ.

“उद्या पहाटे नदीच्या मोठ्या डोहाले जाऊ. कुंदीसाठी मरळ मासोळी काढू.”

“जाऊ, वयनी.”

चराच्या मुखाशी कोमट पाणी थंड पाण्याला भेटत होतं. तिथे पिल्लं क्षणभर थबकली, एकमेकांना बिलगली. मग हिरव्या गहिऱ्या अंधाराने त्यांना अलगद आत घेतलं. एक लकेर चमकली, एक वलय उमटलं, वलय विरत विरत रुंदावलं, आणि नदी भरल्या ओटीने पुढे वाहत गेली.